बटण तुटण्याचं कारण

दुकान दोघींचं होतं. कात्री एकीची, सुई एकीची, दोरा दोघींचा. जी कापायची तिला शाळेपासून भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. जी शिवायची तिला मुंगी म्हणत, कारण भिंगरी कुठंतरी विसरून आलेलं दप्तर स्वतःच्या दप्तरावर चढवून ती मागून येताना दिसायची. आता दोघी चाळिशीला टेकल्या होत्या, तरी गिऱ्हाइकं याच नावांनी हाक मारत. पाटीवर खरी नावं होती, ती कुणी वाचत नसे.

नवे कपडे त्या क्वचितच शिवत. रस्त्याकडच्या खोलीत कापायचं लांब टेबल, आतल्या खोलीत दोन मशीन, इस्त्री, आणि पडद्यामागे कपडे घालून बघायची जागा; एवढ्यात जे यायचं ते बहुतेक उसवलेलं, फाटलेलं, घट्ट झालेलं असायचं. भिंगरी त्याला दवाखानाच म्हणायची. दवाखाना म्हणजे केसपेपर आला. एकदा एका बाईनं कोटाला पडलेलं भोक या दोघींच्या इस्त्रीचं आहे म्हणून भर दुकानात तमाशा केला होता, त्या दिवसापासून भिंगरीनं नियम घातला: आलेल्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी. कुणाचा, काय बिघडलं, आणि कशानं बिघडलं. हे तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. झिजून फाटलं असेल तर इलाज वेगळा, खिळ्याला अडकून फाटलं असेल तर वेगळा, कसर लागली असेल तर आणखी वेगळा. माणसं सांगत, "आपोआप फाटलं हो." भिंगरी कापड उजेडात धरायची आणि म्हणायची, "आपोआप नाही, कुत्र्यानं ओढलंय. किती दात ते पण सांगू का?"

काम झालं की चिठ्ठी तारेत ओवायची. शनिवारी दुकान बंद करायच्या आधी दोघी आठवड्याच्या चिठ्ठ्या वाचत बसत. कोण जाड झालं, कोण बारीक झालं, कुणाच्या खिशाला आतून भोक पडलं. गावभरच्या संसारांची शिवण त्यांना ठाऊक होती आणि ती त्या दोघींच्या बाहेर जात नसे.

घरच्या कपड्यांना चिठ्ठी नसे. असं कुणी ठरवलं नव्हतं. घरचं काम दुकानात येतच नसे, एवढंच.

भिंगरीचा नवरा गाडी शिकवायचा. त्याच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्याच्या पायाशी. त्यामुळे तो कधी घाबरायचा नाही. समोरचा कितीही गोंधळला तरी ऐन वेळी आपण गाडी थांबवू, अशी त्याची खात्री असे. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणत, आणि मुंगीही म्हणायची. तिची आई आजारी होती तेव्हा पंधरा दिवस त्यानंच नेआण केली होती. मुंगी त्याला भाऊजी म्हणायची. तो तिला मेहुणीबाई म्हणायचा. दोघी सख्ख्या बहिणी नव्हत्या, पण हे आता कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

गुरुवारी भिंगरी अस्तर, चेन, बटणं आणायला मोठ्या बाजारात जाई आणि तिसऱ्या प्रहरी परत येई. अशा एका गुरुवारी भाऊजी दारात उभे.

"मेहुणीबाई, बटण गेलं बघ. तासाभरात एक शिकणारी यायचीय, पोट उघडं टाकून कसा बसू?"

"काढून द्या शर्ट, लावते."

"अंगावरच लाव की. दोन टाक्यांचं तर काम."

तिनं लावलं. अंगावर बटण लावायचं म्हणजे जवळ जावं लागतं, आणि दोरा तोडायला आणखी जवळ. तिनं दातानं तोडला नाही, कात्री घेतली. तेवढ्यात तो तिच्या कानापाशी म्हणाला, "इतक्या जवळून तू वेगळीच दिसतेस गं."

मुंगी हसली. काही ठरवायच्या आतच ओठ हलले. तो गेल्यावर तिनं ते हसू आठवून पाहिलं आणि तोंड पुसलं.

दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "तुझा टाका दिवसभर छातीवर वागवतो, माहितेय?" ती हसली नाही. तिसऱ्या वेळी त्यानं तिच्या बोटावरचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घातलेलं लोखंडी टोपण, अलगद काढून घेतलं. "एवढी नाजूक बोटं, लोखंडाखाली कशाला लपवायची?" असं म्हणून ते खिशात टाकलं, आणि दारापर्यंत जाऊन परत आणून दिलं. हे सगळं हसत हसत. रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती गमत्या माणूस आहे.

मुंगीला सुई टोचायचा मोह झाला होता. तिनं टोचली नाही. बटण मात्र घट्ट लावलं, कारण ढिलं लावणं तिच्या हाताला ठाऊक नव्हतं.

चौथ्या वेळी तिनं स्पष्ट सांगितलं, "पडद्यामागे जा, शर्ट काढून बाहेर टाका. बोलावल्याशिवाय येऊ नका." शर्ट पडद्यावरून आला. तो पहिल्यांदाच रिकामा तिच्या हातात होता. सवयीनं तिनं तो उजेडात धरला.

दोरा झिजून तुटला तर त्याची टोकं म्हाताऱ्याच्या मिशीसारखी होतात, पिंजारलेली, लहानमोठी. ओढून तुटला तर कापडालाही सुरकुती पडते. इथं कापड सपाट होतं आणि चारही टोकं एका मापाची. ब्लेड. एकदाच, सरळ, अगदी हलक्या हातानं फिरवलेलं. आणि टोकांच्या खाली जो बुंधा उरला होता तो तिनं ओळखला. दोऱ्याला सहा वेढे, उलट्या बाजूला दुहेरी गाठ. असं बटण अख्ख्या गावात एकच बाई लावायची. "शर्ट फाटेल, माझं बटण निघणार नाही," असं भिंगरी छातीला हात लावून सांगायची.

बायकोच्या हातचं बटण घरी बसून कापायचं आणि ते तिच्या मैत्रिणीकडून लावून घ्यायचं. मुंगीला आधीच्या तिन्ही वेळांपेक्षा हे जास्त लागलं. तिच्या हाताला हात लावला होता तो वेगळा. हे भिंगरीच्या हाताला लावलेलं ब्लेड होतं.

तिनं बटण लावलं, शर्ट आत टाकला, आणि तो बाहेर आल्यावर म्हणाली, "भाऊजी, हे बटण तुटलेलं नाही. ब्लेडनं कापलंय."

"कोण म्हणतं?"

"दोरा म्हणतो."

तो मोकळेपणानं हसला. "पकडलंस. हुशार आहेस. मग का कापतो तेही कळलं असेल."

"कळलं. आणि मला ते आवडत नाही. एकदा सांगतेय, पुन्हा सांगायला लावू नका. गुरुवारी इकडं येऊ नका, माझ्या अंगाला हात लावू नका, बटणं घरी लावून घ्या."

"अगं, मेहुणी ना तू? मेहुणीची थट्टा पण करायची नाही?"

"भिंगरीसमोर करा. मीही हसेन."

त्यानं बाह्या नीट केल्या. "सांग तिला. खुशाल सांग. पण एक ध्यानात ठेव, ती आधी तुझ्याकडे बघेल आणि मग माझ्याकडे. तीस वर्षांची मैत्री आहे तुमची. जपून, बाई." हे त्यानं रागानं म्हटलं नाही. शिकणाऱ्याला पुढचा खांब दाखवावा तशा सुरात म्हटलं, आणि गेला.

खांब खरा होता, म्हणून तर मुंगी बसून राहिली. सांगितलं तर भिंगरी तुटेल. ती संसारातून तुटेल की आपल्यापासून, हे आधी कळायला मार्ग नाही. न सांगितलं तर रोज सकाळी समोरासमोर बसायचं, एकाच भांड्यातला चहा दोन कपांत ओतायचा, आणि तोंडातला घास चावावा तसं ते चावत राहायचं. तिला नवरा नव्हता, भावंडं नव्हती. भिंगरी गेली तर तिच्या आयुष्यातून माणूस जाणार होतं, दुकान जाणार होतं, आणि जिथं मनातलं बोलावं ती एकुलती एक जागा जाणार होती.

संध्याकाळी आई मटार सोलत होती. मुंगी समोर जाऊन बसली.

"आई, समजा, एखादीच्या मैत्रिणीचा नवरा..."

"एखादी म्हणजे तू," आई म्हणाली. "आणि तो भिंगरीचा."

"तुला कसं कळलं?"

"महिन्याभरात दोनदा विचारलं त्यानं मला, मुंगी गुरुवारी जेवायला घरी येते की दुकानातच खाते. मी सांगितलं. म्हटलं, काळजी करतोय बिचारा." आईनं एक शेंग दाबून फोडली. "हात लावला?"

"बोटाला."

"बोटालाच सुरुवात असते. सांग भिंगरीला."

"तुटेल गं."

"ती की तुमचं?"

"दोन्ही."

"मग नको सांगू."

"मग तिच्या तोंडाकडे बघत कशी बसू?"

"ते मला नको विचारू. तू ठरवूनच आलीयस. आईनं पाठ थोपटावी म्हणून बसलीयस." आईनं भांडं स्वतःकडे ओढलं. "मटार सोलायला म्हणून बसलीस, एक तरी सोललास का?"

पुढचा गुरुवार मोकळा गेला. मुंगीला वाटलं, सुटले. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो पिशवी घेऊन आला.

"बघ, ऐकलं की नाही तुझं? अंगावर नाही आज." त्यानं शर्ट टेबलावर पसरला. दुसरं आणि तिसरं, दोन बटणं नव्हती. "दोन आहेत. जरा वेळ लागेल. बसतो मी."

मुंगीनं शर्ट उजेडात धरला, खाली ठेवला आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचं पुडकं ओढलं. ती नेहमीच्या, सावकाश, गोल अक्षरात लिहू लागली. तो उलट्या बाजूनं वाचत होता, आणि वाचता वाचता त्याचं बसणं थोडं थोडं सरळ होत गेलं.

कुणाचा: भिंगरीच्या नवऱ्याचा. काय बिघडलं: शर्ट, दुसरं व तिसरं बटण. कशानं: ब्लेडनं कापलेलं. मूळची शिवण भिंगरीच्या हातची. ही पाचवी वेळ. दर वेळी भिंगरी बाजारात असताना.

"हे काय?"

"चिठ्ठी."

"घरच्या कपड्याला?"

"हे आता घरचं काम नाही राहिलं, भाऊजी."

"फाड ती."

"दुकानाचा नियम आहे. तुमच्याच बायकोनं घातलाय."

त्यानं शर्ट ओढून घेतला, पिशवीत कोंबला आणि तो चालता झाला. दारात एका गिऱ्हाइकाला रस्ता देताना त्यानं "या, या" असं हसून म्हटलंसुद्धा. चिठ्ठी टेबलावर राहिली. कपडा नसलेली चिठ्ठी त्या दुकानात पहिल्यांदाच राहिली होती. भिंगरी आली तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. मुंगीनं चिठ्ठी खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी टेबलावर वाकून कापड टाचत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या. मुंगीनं चिठ्ठी तिच्या हातात दिली. आधी काही बोलायचं तिनं योजलं होतं, ते आयत्या वेळी आठवलं नाही.

भिंगरीनं वाचलं. मग ओठांतली एक एक टाचणी काढून उशीत खोचली. सात होत्या. सातवी खोचून झाल्यावर म्हणाली, "तारीख नाही घातलीस."

"कालची."

भिंगरीनं पेन्सिल घेऊन स्वतः तारीख घातली. "पाचवी वेळ लिहिलंयस."

"हो."

"मग आधीच्या चार चिठ्ठ्या कुठायत?"

"नाही लिहिल्या."

"का?"

"घरचं म्हणून."

"घरचं म्हणून," भिंगरी म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही, नुसती पाठीला धरून उभी राहिली. "आमच्याकडे कपडे कोण धुतं?"

मुंगीला प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला. मग कळला आणि तिचे कान तापले.

"तू गाठ डावीकडून मारतेस," भिंगरी म्हणाली. "शाळेत शिवणाच्या बाईंनी छडी मारली तरी सुटली नाही ती सवय. चार बटणांवर तुझी गाठ. मी बादलीत हात घालून उभी. पहिलं दिसलं तेव्हा वाटलं, वाटेत तुटलं असेल, लावलं असेल हिनं. दुसरं दिसलं तेव्हा वाटलं, सांगेल आज. चहा ओततानाही वाट बघितली मी. तिसरं दिसलं तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"ते मला विचारू नकोस."

दुसऱ्यांचे हात ओळखण्यात मुंगीचा जन्म गेला होता. अमक्या शिंप्याचा टाका, तमक्या आजीची तुरपाई. आपलाही हात कुणी ओळखेल, आणि तेही भिंगरी, हे तिच्या मनात आलं नव्हतं. भाऊजींच्या तर नाहीच. त्यांच्या लेखी बटण म्हणजे बटण.

"मला वाटलं, तुला लागेल," ती म्हणाली.

"लागलंच की. सहा आठवडे लागलं. फक्त भलत्याच माणसाकडून." भिंगरीनं पुडकं तिच्यापुढे सरकवलं. "लिही. चारही. काय झालं, कशानं झालं. आता."

"आता गिऱ्हाइकं येतील."

"येऊ देत."

मुंगीनं लिहिल्या. आठवून आठवून, तारखांसकट. तो काय म्हणाला ते, अंगुस्तानाचं, पडद्याचं. पहिल्या चिठ्ठीच्या शेवटी तिचा हात थांबला, आणि मग तिनं लिहिलं: मी हसले.

भिंगरीनं चारही वाचल्या. पहिली दोनदा वाचली.

"हसलीस?"

"हो. कळायच्या आत."

भिंगरीनं पहिली चिठ्ठी टेबलावर ठेवली. "असंच म्हणाला होता मला. इतक्या जवळून तू वेगळीच दिसतेस. मीही हसले होते कळायच्या आत. त्या हसण्यावर तर सोळा वर्षं संसार केला." तिनं पाचही चिठ्ठ्या दुमडून पर्समध्ये टाकल्या आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या, म्हणजे बोलणं संपलं.

पुढचे दिवस कामाचे गेले. "बाही दोन बोटं आत." "अस्तर संपलं." "तो कोट आज द्यायचाय." एवढंच बोलणं. चहा दोन वेळा व्हायचा आणि दोन वेगळ्या भांड्यांत व्हायचा. शनिवारच्या चिठ्ठ्या भिंगरीनं न वाचताच डब्यात टाकल्या. मुंगीनं विचारलं नाही. माफीही पुन्हा मागितली नाही, एकदा मागितली होती तेव्हा भिंगरी म्हणाली होती, "आता नको, हात भरलेत." आई घरी रोज विचारायची, "बोलली?" मुंगी म्हणायची, "काम बोलली." आई म्हणायची, "काम तरी बोलतेय ना."

नवव्या की दहाव्या दिवशी एका शाळेच्या सभागृहाचे पडदे आले. जाड, लांबलचक, खालून उसवलेले. मुंगीनं खालची शिवण घातली, भिंगरीनं टोकं कापली, आणि मग एवढं मोठं कापड दोघींच्या मधे जमिनीवर पडून राहिलं.

भिंगरी कापडाकडे बघतच म्हणाली, "मी घरी बोलले. त्याच्यापुढे चिठ्ठ्या मांडल्या. म्हणतो, थट्टा होती. म्हटलं, मग माझ्यासमोर वाचून दाखव, मीही हसते. पहिली दोन वाक्यं वाचली त्यानं. मग पाणी प्यायला उठला."

मुंगीनं पडद्यावरचा सुटा दोरा उचलला.

"सध्या तो त्याच्या भावाकडे जातोय झोपायला. परत घेईन की नाही, माहीत नाही. माझं मी बघेन. त्यात तू पडायचं नाहीस. कीवही करायची नाही."

"नाही करणार."

"आणि त्याला मी वाईट म्हटलं तरी तू म्हणायचं नाहीस. चांगलं म्हटलं तरी नाही."

"बरं."

"तुझा राग अजून गेलेला नाही माझा."

"ठाऊक आहे."

"त्याच्यापेक्षा तुझाच जास्त आलाय, हे मला कळत नाही. त्यानं काय केलं ते कळतं. तू गप्प बसलीस ते नाही कळत." तिनं नाक पुसलं. "माझ्या मनात तुझ्याविषयी काय काय आलं त्या सहा आठवड्यांत, ते तुला कळलं तर तूच दुकान सोडशील."

"नाही सोडणार," मुंगी म्हणाली. "यायलाच पाहिजे होतं मनात. मी जागाच ठेवली होती तशी."

भिंगरीनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसं उजेडात धरलेल्या कापडाकडे पाहावं. मग वाकून पडद्याची दोन टोकं उचलली.

"उभी काय राहिलीस? तिकडची धर."

मुंगीनं धरली. दोघी मागे मागे सरल्या, एकीची पाठ दाराला टेकली, एकीची मशीनला, आणि पडदा ताणला गेला. मग दोघी पुढे आल्या, टोकाला टोक लावलं, बोटांना बोटं लागली. पुन्हा मागे. पुन्हा पुढे.

"सरळ धर," भिंगरी म्हणाली.

"सरळच आहे. तुझंच वाकडं आहे."

"माझं वाकडं? अगं, तीन बोटं खाली आलंय तुझं."

मुंगीनं पाहिलं. खरंच आलं होतं. तिनं टोक वर घेतलं आणि दोघींनी घडी मोडून ती पहिल्यापासून घालायला सुरुवात केली.